रुग्णशुश्रूषेचें शिक्षण आणि आपलीं मुलें

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सव समितीनें "शिक्षण" ह्या विषयावर चार शब्द बोलण्याची मला आज्ञा केली आहे. हा विषय इतका विस्तीर्ण आहे कीं, त्यावर बोलणारा बहुधा सर्वांची स्तुति करून खालीं बसतो आणि ऐकणारे टाळ्या वाजवून जेवणाच्या पंगतीकडे वळतात. तसें होऊं नये म्हणून मी आज एकाच शिक्षणाविषयीं, आणि तेंही एका विशिष्ट ठिकाणीं मिळणाऱ्या शिक्षणाविषयीं बोलणार आहें. तें म्हणजे शासकीय महाविद्यालयांत मिळणारें बी.एस्सी. नर्सिंगचें चार वर्षांचें शिक्षण.

आपल्या धर्मग्रामांत परिचारिका थोड्या नाहींत. लग्नाच्या मांडवांत कोणाला भोवळ आली, विहिरीवर कोणाचा पाय घसरला, म्हाताऱ्या माणसाचा श्वास मध्यरात्रीं घरघरूं लागला, कीं आपण डॉक्टरला फोन करण्याआधीं शेजारच्या नर्सबाईचें दार ठोठावतों. परंतु ती जें शिकली तें काय शिकली, कोठें शिकली आणि किती कष्टानें शिकली, ह्याचा आपण कधीं विचार केला आहे काय? मुलीला वैद्यकीपुरते गुण मिळाले नाहींत कीं "मग नर्सिंगला घालूं" असें आपण म्हणतों. जणूं मोठ्या भावाचा आंखूड झालेला सदरा धाकट्याच्या अंगांत चढवावयाचा आहे. हा समज खोटा आहे, आणि त्यापायीं आपल्या कांहीं कुटुंबांचें फार मोठें नुकसान झालेलें मीं ह्या डोळ्यांनीं पाहिलें आहे. त्या नुकसानीकडे मी पुढें येईन.

प्रथम थोडा इतिहास. मुंबईंत भायखळ्याचें सर जमशेटजी जिजीभाई रुग्णालय, ज्याला आपण सारे जे. जे. म्हणतों, तें १८४५ सालीं उघडलें. परंतु तेथें परिचर्या शिकावयास आलेली पहिली हिंदी स्त्री म्हणून ज्यांचें नांव सांगतात, त्या बाई काशीबाई गणपत आल्या १८९१ सालीं. मध्यें सेहेचाळीस वर्षें गेलीं. रुग्णालय होतें, डॉक्टर होते, रोगी तर होतेच होते; खाटेपाशीं उभी राहावयास आपल्या देशाची मुलगी मात्र नव्हती. कारण शोधावयास दूर जावयास नको. ज्या कामांत रक्त, पू आणि मलमूत्र ह्यांना हात लावावा लागतो, परपुरुषाचें अंग पुसावें लागतें आणि रात्रीं घराबाहेर राहावें लागतें, त्या कामाला चांगल्या घरची मुलगी पाठवावयाची नाहीं, हा ग्रह सर्व जातींत होता. आपले पूर्वज ख्रिस्ती झाले तरी तो ग्रह बाप्तिस्म्याच्या पाण्यानें धुऊन गेला नाहीं, असें मला कित्येकदां वाटतें.

आणि हा दोष केवळ आपल्या समाजाचा नाहीं. खुद्द ख्रिस्तसभेंतही धर्मभगिनींना प्रसूतीचें काम करण्याची मोकळीक नव्हती. ॲना डेंगल नांवाची एक ऑस्ट्रियन डॉक्टर रावळपिंडीच्या स्त्रियांच्या रुग्णालयांत काम करीत होती. परपुरुष डॉक्टरपुढें न येणाऱ्या स्त्रिया उपचारावांचून मरतात, हें तिनें तेथें पाहिलें, आणि १९२५ सालीं वैद्यकीय सेवेसाठीं भगिनींचा एक संघ स्थापला. परंतु धर्मभगिनींनीं वैद्यक व सुईणपण रीतसर शिकावें आणि करावें, अशी स्पष्ट परवानगी रोमहून आली ती ११ फेब्रुवारी १९३६ रोजीं. तेव्हां, बंधुभगिनींनो, शुश्रूषेच्या कामाची योग्यता समजावयास धर्माधिकाऱ्यांनाही वेळ लागला. मी हें सांगतों तें कोणाला दोष देण्यासाठीं नव्हे. गांवांतील माणसाला ती योग्यता एका दिवसांत पटेल अशी माझी अपेक्षा नाहीं, एवढ्याचसाठीं.

१९४३ सालीं सरकारनें देशाच्या आरोग्याची पाहणी करण्यासाठीं एक समिति नेमली. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशकांत जन्मलेले व पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकलेले गृहस्थ. १९४६ च्या त्यांच्या अहवालाप्रमाणें साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानांत शिकलेल्या परिचारिका होत्या अवघ्या सुमारें ७,०००. म्हणजे ४३,००० माणसांमागें एक! त्याच १९४६ सालीं परिचर्येची विद्यापीठीय पदवी दोन ठिकाणीं सुरू झाली, दिल्लीस केंद्र सरकारच्या महाविद्यालयांत आणि दक्षिणेंत वेल्लोरच्या ख्रिस्ती रुग्णालयांत. दिल्लीच्या महाविद्यालयाला पुढें राजकुमारी अमृत कौर ह्यांचें नांव देण्यांत आलें. स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री त्याच. परिचर्या ही विद्यापीठांत शिकवावयाची विद्या आहे, हें सरकारनें आणि मिशननें एकाच वर्षीं मान्य केलें. त्याला आतां ऐंशी वर्षें होत आलीं, आणि आपण अजून आंखूड सदऱ्याच्या गोष्टी करतों.

ही विद्या आहे तरी काय? भारतीय परिचर्या परिषदेनें २०२१ सालीं जो सुधारलेला अभ्यासक्रम दिला, त्यांत चार वर्षांचीं आठ सत्रें आहेत. आरंभीं शरीररचना आणि शरीरक्रिया, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र. मग जीवरसायन आणि आहारशास्त्र. पुढें सूक्ष्मजंतु, औषधें आणि शरीरांतील विकृति. त्यानंतर बालकांची, मनोरुग्णांची, गरोदर व बाळंत स्त्रियांची परिचर्या, आणि घरोघर जाऊन करावयाची सामुदायिक परिचर्या. संशोधन आणि संख्याशास्त्रसुद्धां आहे. शेवटल्या सत्रांत २२ आठवडे प्रत्यक्ष काम. हीं नांवें ऐकून कोणी घाबरूं नये. पण कोणी हंसूंही नये.

एक लहानसें उदाहरण देतों. डॉक्टर कागदावर औषधाचें प्रमाण मिलिग्रॅममध्यें लिहितो. कुपीवर लिहिलेलें असतें कीं, इतक्या मिलिलिटरांत इतकें मिलिग्रॅम. समोरचें बाळ चार किलोचें. तें औषध पिचकारींत किती घ्यावयाचें, हा हिशेब परिचारिका करते. तोही रात्रीं तीन वाजतां, शेजारच्या खाटेवरचें मूल रडत असतांना. दशांशचिन्ह एक घर सरकलें तर बाळाला दहापट औषध जाईल. डॉक्टरानें लिहितांना चूक केली असली तरी ती पकडणारा शेवटचा हात तिचाच असतो. ज्याला आपण "इंजेक्शन टोंचणें" म्हणतों, त्यामागें एवढें गणित आणि एवढी जबाबदारी उभी आहे. तसेंच अंथरुणाला खिळलेल्या रोग्याचें. त्याची कूस दर दोन तासांनीं बदलावयाची, हाडाच्या उंचवट्यावरची कातडी रोज पाहावयाची, ती लाल झाली कीं सावध व्हावयाचें. न केल्यास कांहीं दिवसांत तेथें असा व्रण पडतो कीं, मूळ रोगापेक्षां तोच माणसाला घेऊन जातो. कातडीचा रंग वाचावयास शिकणें हें अक्षर वाचावयास शिकण्याइतकेंच मोलाचें आहे, आणि तें पुस्तकावरून येत नाहीं.

म्हणूनच मी "शासकीय महाविद्यालय" ह्या शब्दावर जोर देतों. जे. जे. च्या आवारांतच राज्य सरकारची परिचर्या शिक्षण संस्था आहे, आणि तिची पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. रुग्णालयांत तेराशेंहून अधिक खाटा. गोवा सरकारची अशीच संस्था बांबोळीस आहे. तुमच्या नातेवाइकांपैकीं जे तिकडे राहतात त्यांना हें सांगा. मोठ्या सरकारी रुग्णालयांत कोण येतें? ज्याला दुसरीकडे कोणी घेत नाहीं तो येतो. खेड्यापाड्यांतून, चार दवाखाने फिरून, पैसे संपल्यावर. क्षयरोगी येतो, जळालेली सून येते, रुळांवर सांपडलेला अनोळखी मजूर येतो, सात महिन्यांत उपजलेलें मूल येतें. अशा वॉर्डांत चार वर्षें ज्या मुलीनें काढलीं, तिला पुढें जगांत कोणत्याही रोग्यापुढें हात कांपत नाहीं. भिंतींचा रंग उडालेला असेल, वसतिगृहाच्या मेसमधील डाळ पातळ असेल, पंखा कुरकुरत असेल. तक्रारी खऱ्या आहेत आणि त्या केल्याच पाहिजेत. पण शिकविणारा जो खरा गुरु, म्हणजे रोगी, तो तेथें मुबलक आहे.

आतां त्या नुकसानीची गोष्ट. आपल्याच धर्मग्रामांतील एका बापानें, नांव मी घेणार नाहीं, कोणा दलालाच्या शब्दावर भरंवसून मुलीला परराज्यांतील एका खाजगी महाविद्यालयांत घातलें. त्यासाठीं वाडी गहाण पडली. इमारत चकचकीत होती. रुग्णालय म्हणून जें दाखविलें तेथें खाटा होत्या, चादरीही स्वच्छ होत्या, रोगीच नव्हते. तपासणीचा दिवस आला कीं, मुलींनाच त्या खाटांवर निजवीत. अशा रीतीनें चार वर्षें गेलीं. मुलगी हुशार आहे, आतां नीट शिकली आहे, पण जें शिकली तें नोकरी लागल्यावर, दुसऱ्यांचीं बोलणीं खाऊन. आणि पगाराचा मोठा भाग वाडी सोडविण्यांत गेला.

कर्ज माणसाला कोठवर नेतें तेंही ऐका. २०१४ च्या जुलैंत इराकांतील तिक्रित शहराच्या रुग्णालयांतून ४६ भारतीय परिचारिका सुखरूप परत आल्या; बहुतेक केरळच्या. भोंवतीं लढाई पेटलेली असतांनाही त्यांच्यापैकीं कित्येकजणी परत येण्यास कचरत होत्या, कारण शिक्षणासाठीं काढलेलें कर्ज घरीं वाट पाहत होतें, असें तेव्हां वर्तमानपत्रांतून आलें होतें. खाजगी रुग्णालयांतील पगारांची गोष्टही फार निराळी नाहीं. २०१६ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयाला ह्या प्रश्नांत लक्ष घालावें लागलें, आणि नंतर नेमलेल्या समितीनें लहान रुग्णालयांतही परिचारिकेचा पगार महिना २०,००० रुपयांच्या खालीं नसावा अशी शिफारस केली. एवढी शिफारस करावी लागली, ह्यावरूनच काय तें समजा. परदेशांत जाणाऱ्यांना मी अडवीत नाहीं. आपल्या चर्चच्या छपराचीं कौलें आखातांतल्या पैशानें बदललीं, हें मी जाणतों. पण जावयाचें तें मोकळ्या मानेनें जावें. शासकीय महाविद्यालयाची फी खाजगीच्या मानानें पुष्कळ कमी असल्यामुळें तसें जातां येतें.

आईबापांना आणखी एक भीति असते, ती रात्रपाळीची. तिला मी हंसण्यावारी नेणार नाहीं. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानभाग ह्यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं रुग्णालयाच्या इमारतींतच अत्याचार झाला, आणि त्या उरलेलें आयुष्य अंथरुणाला खिळून राहिल्या. ज्या बापाला ही हकीकत माहीत आहे त्याला "कांहीं होत नाहीं" असें सांगणें हा त्याचा अपमान आहे. वसतिगृह कसें आहे, रात्रीं वॉर्डापासून खोलीपर्यंत सोबत असते कीं नाहीं, कपडे बदलण्याची खोली कोठें आहे, हे प्रश्न प्रवेश घेतांना उभें राहून विचारावे. त्यांत लाज नाहीं. पण त्याच हकीकतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८ मे २०१५ रोजीं अरुणाबाई वारल्या, तोंवर म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ त्यांच्या रुग्णालयांतील परिचारिकांनीं त्यांना भरविलें, न्हाऊं घातलें, त्यांची कूस बदलली. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली. त्यांचें जिणें संपवावें काय, हा प्रश्न न्यायालयापुढें आला तेव्हां "नको, आम्ही सांभाळतों" असें म्हणणाऱ्या त्याच परिचारिका होत्या, आणि २०११ सालीं न्यायालयानें त्यांचा शब्द मानला. त्यांच्यांत सर्व धर्मांच्या स्त्रिया होत्या. जीवनाच्या पावित्र्यावर मीं आजवर कित्येक प्रवचनें दिलीं. ह्या बायांनीं तें काम करून दाखविलें.

मग अशा मुलीला स्थळ आलें कीं आपण काय विचारतों? "रात्रपाळी असते ना?" एवढ्यावरून मोडलेलीं लग्नें मला ठाऊक आहेत. २०२० हें फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्माचें दोनशेंवें वर्ष. जागतिक आरोग्य संघटनेनें तें परिचारिकांचें व सुईणींचें वर्ष म्हणून आधींच ठरविलें होतें. त्याच वर्षीं कोविडची साथ आली. मार्च महिन्यांत गच्चीवर उभें राहून आपण थाळ्या वाजविल्या, आणि एप्रिलमध्यें कामावरून परत येणाऱ्या परिचारिकेला आपल्या जिन्यावरून चढूं न देणारेही आपल्यांत निघाले. मुलगा डॉक्टर असला तर त्याची रात्रपाळी भूषण, आणि सून परिचारिका असली तर तीच रात्रपाळी कलंक, हा न्याय मला समजत नाहीं.

एक नाजूक गोष्ट बोलूं कीं नको असा विचार करीत होतों. पण आईबाप मला कचेरींत एकांतांत विचारतात, तेव्हां येथेंच बोलतों. १९७१ च्या कायद्याप्रमाणें आपल्या देशांत ठराविक अटींवर गर्भपात कायदेशीर आहे आणि सरकारी रुग्णालयांत तो होतो. आपल्या श्रद्धेप्रमाणें त्यांत हात घालतां येत नाहीं. म्हणून मुलींनीं तिकडे जाऊंच नये काय? माझें मत असें नाहीं. मुलीनें आपलें मन शिक्षिकेला आणि वॉर्डाच्या प्रमुख सिस्टरला आरंभींच, शांतपणें, कोणावर दोषारोप न करतां सांगावें. ऐन वेळीं वाद घालूं नये. पुष्कळदां मार्ग निघतो. कधीं कठीण जाईल, तें मी झांकून ठेवीत नाहीं. परंतु त्या खाटेवर जी स्त्री निजली आहे तिला ताप आला, रक्तस्राव झाला, तहान लागली, तर तिची शुश्रूषा करण्यास नकार देणें हें मात्र ख्रिस्ती मनुष्याला शोभत नाहीं. तिला न्याय देणारे आपण नव्हेत.

आणि मुलगे? मी वर "मुलगी, मुलगी" म्हणत आलों, कारण तुम्ही तसेंच म्हणतां. परंतु १९३० सालीं पोप अकरावे पायस ह्यांनीं परिचर्या करणाऱ्यांचे आश्रयदाते म्हणून जे दोन संत नेमले, ते संत कामिल आणि देवाचे संत जॉन, दोघेही पुरुष. कामिल तर आधीं शिपाई आणि जुगारी. पायाच्या न भरणाऱ्या जखमेमुळें रोम येथील रुग्णालयांत आला आणि पुढें आजाऱ्यांचा सेवक झाला. आज दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेसारख्या मोठ्या सरकारी संस्थांत परिचर्येच्या जागांवर पुरुषांचीही भरती होते. संध्याकाळीं नाक्यावर बाईक टेकून उभ्या असणाऱ्या आपल्या कांहीं तरुणांत रोग्याला उचलण्याचें बळ आहे, आणि माझ्या माहितीप्रमाणें दोघातिघांत तसें काळीजही आहे. त्यांच्या आयांनीं ऐकून ठेवावें.

दार अधिक उघडत आहे. २०२३ च्या एप्रिलमध्यें केंद्र सरकारनें नव्या वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून १५७ परिचर्या महाविद्यालयें मंजूर केलीं. त्यांतून वर्षाला सुमारें १५,७०० पदवीधर निघावयाचे आहेत. तेथें आपलीं मुलें असतील कीं नसतील, हें कांहीं अंशीं ह्या सभागृहांत ठरावयाचें आहे. महोत्सव समितीनें निधि जमविला त्याबद्दल तिचे आभार. कमान आणि रोषणाई ह्यांना माझा विरोध नाहीं. पन्नास वर्षांत एकदां दिवे लावावयास हरकत नसावी. पण माझी लेखी सूचना अध्यक्षांपुढें आहे, आणि तिच्यावर आजच मत घ्यावें अशी माझी विनंती आहे. रोषणाईच्या तीन रात्रींऐवजीं एक रात्र करावी आणि वांचलेली रक्कम बाजूला ठेवून, शासकीय परिचर्या महाविद्यालयांत प्रवेश मिळालेल्या मुलामुलींना वसतिगृह, मेस, पुस्तकें, गणवेष आणि रेल्वेचा पास ह्यांसाठीं बिनव्याजी उचल द्यावी. नोकरी लागल्यावर ती हप्त्यांनीं परत यावी, म्हणजे पुढच्या मुलाला मिळेल. दान म्हणून देऊं नये. दान घेतलेला माणूस मान खालीं घालतो. विरोधकांनीं मोकळेपणानें बोलावें. कमानीचा ठेका ज्यांना दिला आहे ते आपलेच आहेत, आणि त्यांच्याशीं मीं बोलून ठेवलें आहे.

शेवटीं कामाच्या चार गोष्टी. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात, आणि सर्वसाधारण वर्गाला त्यांत ४५ टक्के गुण. ज्यांचीं मुलें आतां दहावींत आहेत त्यांनीं विषय विचारपूर्वक निवडावे. जीवशास्त्र सोडलें कीं हें दार बंद झालें. प्रवेशाच्या वर्षीं ३१ डिसेंबरपर्यंत वयाचीं १७ वर्षें पूर्ण व्हावीं लागतात. प्रवेश राज्याच्या सामायिक परीक्षेवर होतो. आपल्या दोन निवृत्त परिचारिका भगिनींनीं दर शनिवारीं दुपारीं शाळेंत मुलांची तयारी करून घेण्याचें कबूल केलें आहे. येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर नांवें घेतलीं जातील. येतांना गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि अधिवासाचें प्रमाणपत्र बरोबर आणावें. प्रमाणपत्र अजून काढलें नसेल त्यांनीं सोमवारींच तहसील कचेरींत अर्ज करावा, कारण जून महिन्यांत तेथें फार गर्दी होते.